कामगारांसाठी एक वेगळी सोय: वकिलाचा सल्ला आणि ओळखचोरीपासून संरक्षण



पीएफ, ईएसआयसी आणि ग्रुप मेडिक्लेमच्या व्हिडिओत शेवटी मी एक मुद्दा घाईघाईत सांगितला होता. आज तो नीट लिहितो.

अमेरिकेत बऱ्याच कंपन्या आरोग्य विम्याबरोबर कर्मचाऱ्यांना आणखी दोन सोयी देऊ करतात. एक म्हणजे लीगल प्लॅन. दरमहा ठरावीक रक्कम भरायची आणि मृत्युपत्र, भाडेकरार, घराची कागदपत्रं अशा कामांना वकील मिळवायचा. दुसरी म्हणजे आयडेंटिटी थेफ्ट प्रोटेक्शन. तुमच्या नावावर कोणी कर्ज किंवा कार्ड काढलं तर सूचना येते आणि ते निस्तरायला माणूस मिळतो. पैसे बहुतेक वेळा कर्मचाऱ्याच्याच पगारातून जातात, कंपनी फक्त ग्रुपचा दर मिळवून देते. आपल्याकडे छोट्या धंद्याला असं तयार पॅकेज सहज मिळत नाही. पण आठ-दहा माणसांच्या युनिटमध्ये ते स्वतः उभं करता येतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, याची गरज काय? समजा भोसरीत तुमचं वर्कशॉप आहे, आठ जण कामाला. त्यातल्या एका फिटरच्या पॅनवर कोणीतरी ॲपवरून कर्ज उचललं. त्याला पत्ता कधी लागतो? वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाल्यावर. नाहीतर बाइकसाठी लोन मागायला गेल्यावर बँक नाही म्हणते तेव्हा. मग तो सुट्टी काढून बँकेत, तिथून पोलीस ठाण्यात, परत बँकेत. कामावर असला तरी डोकं तिकडेच. लेथवर लक्ष नसलं की काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि शेवटी तो तुमच्याकडेच येतो, "शेठ, थोडा ॲडव्हान्स मिळेल का?" म्हणजे खर्च तुम्हाला होतोच आहे, फक्त तो वहीत दिसत नाही.

आधी आपलं कपाट बघा

कामगाराच्या आधार, पॅन आणि पासबुकच्या झेरॉक्स कुठे आहेत? सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर, ऑफिसच्या उघड्या ड्रॉवरमध्ये, आणि काही ठिकाणी तर मागची बाजू कोरी म्हणून हिशोबाला वापरलेल्या! २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशा डिजिटल माहितीची जबाबदारी ती गोळा करून वापरणाऱ्यावर टाकली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, चोरी आपल्याच ऑफिसातून होत असेल तर बाकीच्या सोयी देऊन काय उपयोग? पीएफसारख्या कामाला पूर्ण आधार नंबर लागतो, बाकी ठिकाणी शेवटचे चार आकडेच दिसणारा मास्क्ड आधार घ्या. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून सही घ्या. फोनमधले फोटो काम झालं की डिलीट. कपाटाला कुलूप, किल्ली एकाकडेच.

एक शनिवार, दीड तास

ओळखचोरीचं निम्मं काम फुकटात होतं. सगळ्यांना फोन घेऊन बसवा.

पहिलं, क्रेडिट रिपोर्ट. देशात चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. चारही एकदम काढू नका. दर तीन महिन्यांनी एक काढला तर वर्षभर लक्ष राहतं. त्यात न घेतलेलं कर्ज दिसलं तर लगेच तक्रार करायची. ३० दिवसांत निवारण झालं नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

दुसरं, संचार साथी पोर्टल. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते तिथे दिसतं आणि अनोळखी नंबर कळवता येतो. तिसरं, आधारचं बायोमेट्रिक लॉक, म्हणजे अंगठ्यावरून खात्यातले पैसे काढण्याचा प्रकार थांबतो. रेशन दुकानात अंगठा लागतो, तेव्हा तेवढ्यापुरतं उघडायचं कसं, हेही त्याच वेळी शिकवा. नाहीतर महिनाअखेरीस शिव्या तुम्हालाच! चौथं, जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून बघा, आपल्या नावावर कोणी फर्म तर उघडली नाही ना.

आणि १९३० हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात. ऑनलाइन फसवणुकीत पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतात, म्हणून मिनिटं महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात ठरवलं की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा फसवणुकीत, बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान ग्राहकाच्या अंगावर येत नाही. ओटीपी स्वतःच दिला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. म्हणून कामगाराला आधीच सांगून ठेवा: असं काही झालं तर मशीन बंद कर आणि लगेच फोन कर, त्या दिवसाचा पगार कापणार नाही. मला विचाराल तर सगळ्यात किमती सोय हीच आहे. शिफ्ट सुटेपर्यंत थांबणारे खूप जण असतात.

वैयक्तिक सायबर विमाही मिळतो. घ्यायचा तर एजंटचं पत्रक नाही, पॉलिसीतला वगळलेल्या गोष्टींचा भाग वाचा: ओटीपी दिल्यास काय, किती दिवसांत कळवायचं, पोलीस तक्रार लागते का.

आता वकील

तालुक्याच्या कोर्टातले एखादे वकील गाठा आणि महिन्यातून एका शनिवारी दोन तास ठरवा. समजा फी ३,००० रुपये ठरली, तर आठ जणांत माणशी ३७५. यात फक्त सल्ला. कोर्टात केस लढवायची तर कामगार वेगळं ठरवेल.

प्रश्न काय येतात? सातबाऱ्यावर वारस नोंद, घरमालक डिपॉझिट देत नाही, अपघाताचा क्लेम, नवरा-बायकोचं भांडण. चेक बाउन्सची नोटीस घ्या. मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली तर त्या कलमाखाली खटला उभा राहत नाही. पण घाबरून माणूस ती ट्रंकेत ठेवतो आणि दिवस निघून जातात. एक साधा सल्ला वेळेवर मिळाला असता तर पुढचं टळलं असतं.

इथे मालकाला पथ्य आहे. कोण काय विचारतं हे वकिलांना विचारायचं नाही, गमतीनेही नाही. एकदा जरी विचारलंत तर दुसऱ्या महिन्यात कोणी येणार नाही. वकिलांकडून कमिशनचा विषयही नको, बिगर-वकिलाशी फी वाटून घेणं त्यांच्या नियमांत बसत नाही. आणि तुमच्याशीच वाद असेल तर हे वकील चालणार नाहीत. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबरही बोर्डवर लावा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार मोफत विधी सेवेला पात्र आहेत. मालकाने स्वतःविरुद्धचा नंबर लावायचा? हो, लावायचा. बाकीच्या सोयींवर विश्वास त्यामुळेच बसतो.

शेवटचं: याचे पैसे पगारातून परस्पर कापू नका. कोणत्या कपाती चालतात याची यादी वेतन कायद्यातच आहे. रक्कम लहान आहे, धंद्याच्या खर्चात घ्या आणि नोंद कशी करायची ते सीएंना विचारा. "सर्व कायदेशीर मदत मोफत" असं कुठेही लिहू नका. बोर्डसाठी मजकूर देतो, नावं-वेळ बदलून घ्या:

"दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी ३ ते ५ वकील येतील. सल्ला मोफत, बोलणं गुप्त. कोर्टाचा खर्च यात नाही. ऑनलाइन फसवणूक झाल्यास काम थांबवून लगेच १९३० ला आणि बँकेला फोन करा, पगार कापला जाणार नाही. मोफत सरकारी विधी सेवा: १५१००."