एका रकान्यातील पत्ता : सूत्र चुकते कोठे ?

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. कोळगाव येथे उभारलेल्या जिल्हा मुख्यालयाचे उद्घाटन २०२१ मध्ये झाले. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड व वाडा या आठ तालुक्यांच्या कारभाराचे हे केंद्र होय. अशा ठिकाणी गावोगावच्या याद्या एकत्र करून गाववार अहवाल तयार करावा लागतो. यादीत गाव, तालुका व जिल्हा एकाच रकान्यात लिहिलेले असतील, तर ते वेगळे करण्याचे काम संगणकातील सूत्राकडे सोपविले जाते. हे सूत्र अडले, तर दोष बहुधा सूत्रात नसून नोंदीत असतो.

सूत्राची रीत

उदाहरणादाखल ‘कोळगाव, ता. पालघर, जि. पालघर’ ही नोंद घेऊ. एक्सेलमधील ‘फाइंड’ हे कार्य पहिला स्वल्पविराम कितव्या स्थानी आहे ते सांगते. ‘लेफ्ट’ हे कार्य त्याच्या आधीचा मजकूर उचलते. गावाचे नाव मिळते. परंतु पुढील नोंद ‘कोळगाव ता. पालघर’ अशी स्वल्पविरामाविना असेल, तर शोधलेली खूण सापडत नाही व चौकटीत ‘व्हॅल्यू’ हा चुकीचा शेरा उमटतो.

तालुक्याचे नाव दोन स्वल्पविरामांच्या मध्ये असते. दुसऱ्याचा शोध पहिल्याच्या पुढील स्थानापासून सुरू करावा लागतो. तसे न केल्यास पहिलाच स्वल्पविराम पुन्हा सापडतो, मजकुराची लांबी शून्याहून कमी निघते आणि तोच शेरा येतो. क्रिस्टल रिपोर्ट्स या अहवाल-प्रणालीत ‘स्प्लिट’ हे कार्य मजकुराचे तुकडे पाडते व तुकड्यांची मोजणी एकपासून होते. दोनच तुकडे असताना तिसरा मागितला, तर अहवाल तेथेच थांबतो. म्हणून आधी तुकडे किती आहेत ते तपासावे आणि मगच हवा तो तुकडा मागावा. रकाना रिकामा असण्याची शक्यताही प्रथम पाहावी.

न दिसणारी चूक

शेरा उमटला तर चूक कळते तरी. शेरा न येता चुकीचे उत्तर मिळणे अधिक घातक. जोडरेघ ही विभाजनाची खूण मानली, तर ‘बोईसर-तारापूर’ मधून केवळ ‘बोईसर’ हाती येते. मोकळी जागा ही खूण मानली, तर ‘केळवे रोड’चे ‘केळवे’ होते. २०१४ पूर्वीच्या नोंदीत ‘जि. ठाणे’ असल्यास सूत्र बिनचूक चालूनही कोळगाव ठाणे जिल्ह्यात जाऊन बसते.

देवनागरीत आणखी एक बाब ध्यानी ठेवावी लागते. ‘कोळगाव’ या शब्दात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात; संगणक मात्र ओकार व काना स्वतंत्र धरून सहा चिन्हे मोजतो. पहिली चार चिन्हे मागितल्यास ‘कोळग’ एवढेच मिळते. यास्तव अक्षरे मोजून मजकूर तोडू नये. विभाजनाची खूण शोधूनच तोडावा. संकेतस्थळावरून उतरविलेल्या यादीत कधीकधी एक निराळीच मोकळी जागा येते. ती ‘ट्रिम’ने जात नाही; ‘सब्स्टिट्यूट’ वापरून तिच्या जागी साधी मोकळी जागा घालावी लागते.

शेरा झाकू नये

‘इफएरर’ वापरून चुकीच्या शेऱ्याऐवजी कोरी चौकट दाखविता येते. अहवाल नीटनेटका दिसतो, पण ती ओळ कोणत्याच गावात मोजली जात नाही. त्या ओळीत एखाद्या वृद्धेचे किंवा विद्यार्थ्याचे नाव असेल, तर गावाच्या आकड्यातून ती व्यक्ती निसटते आणि कोणाला कळतही नाही. कोऱ्या जागेऐवजी ‘तपासणी आवश्यक’ असे शब्द उमटतील, अशी व्यवस्था करावी व त्या नोंदी मूळ अर्जाशी ताडून पाहाव्यात.

त्यानंतर ताळा घ्यावा. गाववार संख्यांची बेरीज मूळ यादीतील एकूण नोंदींइतकी आली पाहिजे. एकाचाही फरक पडला, तर अहवाल पुढे पाठवू नये. मात्र बेरीज जुळूनही एका गावाची नोंद दुसऱ्या गावात गेलेली असू शकते; त्यासाठी निघालेली नावे गावांच्या अधिकृत यादीशी ताडणे अगत्याचे आहे.

मूळ उपाय

जे पुढे वेगळे करावे लागणार, ते आरंभीच वेगळ्या रकान्यांत लिहिणे हाच खरा उपाय होय. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’त गावांना स्वतंत्र संकेतांक दिलेले आहेत. नावासोबत तो संकेतांक नोंदविला, तर लेखनभेदाने होणारा घोटाळा टळतो.

शिक्षकाने विद्यार्थ्यांची यादी करताना व ग्रामसेवकाने अर्ज नोंदविताना एवढी शिस्त पाळली, तर जिल्ह्याच्या मुख्यालयातील निम्मे काम गावातच होईल. पंचायत सदस्यास सूत्र येण्याची आवश्यकता नाही. आपल्या गावाचा आकडा मूळ यादीशी जुळतो काय, एवढे विचारणे त्याच्या हाती आहे. त्या एका प्रश्नाने एखादे निसटलेले नाव पुन्हा यादीत येऊ शकेल.