भाऊबंदकी : एका शब्दाचा अभ्यास

‘भाऊबंद’ म्हणजे एका कुळातील आप्त. त्यास ‘पाटीलकी’प्रमाणे ‘की’ प्रत्यय लागून ‘भाऊबंदकी’ झाली. मूळ अर्थ नाते. रूढ अर्थ मात्र पिढ्यानुपिढ्या चालणारा तंटा. काका रघुनाथरावांशी चाललेल्या अशाच कलहात इ. स. १७७३ साली नारायणराव पेशवे मारले गेले. त्याविषयीच्या खाडिलकरांच्या १९०९ सालच्या नाटकाचे नावही हेच.

आज अंबरनाथ-बदलापुराकडे जमिनीचे भाव चढले, तसा सातबाऱ्यावरील नावांवरून सख्ख्या भावांत अबोला आला; आणि तेच भाऊ प्रभुभोजनास एका मेजाजवळ येतात! उत्पत्तीचा १३ वा अध्याय वाचावा. अब्रामही लोटाचा काकाच होता. परंतु गुराख्यांत तंटा होताच त्याने पुतण्यास आधी निवडू दिले. घरातील वडिलांनी असेच करावे, म्हणजे शब्दास मूळ अर्थ पुन्हा येईल.