चिपमधील राखीव कोपरा

धुलाई यंत्र असो वा वीजमापक, त्याच्या आत एक लहानशी चिप काम करीत असते. तिला सूक्ष्मनियंत्रक म्हणतात. कोणत्या क्रमाने काय करावयाचे, हे तिला सांगणारी आज्ञावली तिच्या स्मृतीत कायम साठवलेली असते. या आज्ञावलीला फर्मवेअर असे नाव आहे. ती बदलण्यासाठी पूर्वी ‘प्रोग्रामर’ नावाचे वेगळे उपकरण लागे. त्यामुळे हे काम तंत्रज्ञांपुरतेच मर्यादित राहिले.

इटलीतील इव्रेआ येथे 2005 साली मास्सिमो बांझी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आर्डुइनो’ हा बोर्ड तयार केला, तो अभियंते नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी. (हे नाव तेथील एका मद्यगृहाचे, आणि मद्यगृहाला ते मिळाले एका जुन्या राजावरून!) 2010 साली आलेल्या ‘आर्डुइनो उनो’च्या चिपमध्ये 32 किलोबाइट फ्लॅश स्मृती आहे. तिच्या अखेरचे अवघे 512 बाइट एका छोट्या आज्ञावलीसाठी राखून ठेवलेले असतात. हाच बूटलोडर.

नवे फर्मवेअर पाठवण्यापूर्वी संगणक बोर्डाला रिसेट करतो. त्याबरोबर चिप प्रथम बूटलोडरकडे वळते. बूटलोडर सुमारे एक सेकंद वाट पाहतो. संगणकाचा संकेत मिळाला, तर यूएसबी तारेवाटे येणारे फर्मवेअर तो तुकड्यातुकड्याने उरलेल्या स्मृतीत लिहितो. संगणक ते परत वाचून पडताळून पाहतो. संकेत न आल्यास आधीच्या फर्मवेअरकडे काम सोपवून बूटलोडर बाजूला होतो.

हे चालू असताना मध्येच वीज गेली तर? नवशिक्याला हीच धास्ती असते. अर्धवट लिहिलेले फर्मवेअर चालणार नाही, हे खरे. परंतु राखीव कोपरा शाबूत असतो, म्हणून तेच काम पुन्हा करता येते. बोर्ड वाया जात नाही. खरी पंचाईत होते ती प्रोग्रामर जोडून संपूर्ण चिप पुसली तर. मग बूटलोडरही जातो आणि तो पुन्हा भरण्यासाठी प्रोग्रामरच लागतो. तो जवळ नसेल, तर दुसरा उनो बोर्ड ती जागा घेऊ शकतो.

भारतातही असे बोर्ड तयार झाले आहेत. पुण्यात 1988 साली स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने ‘वेगा’ मालिकेतील प्रक्रियक विकसित केले. त्यांपैकी एकावर आधारलेली ‘तेजस-32’ चिप ‘एरीज’ बोर्डावर बसवलेली असते. आर्डुइनोच्याच सॉफ्टवेअरमधून तिच्यात फर्मवेअर भरता येते.

मात्र प्रत्येक यंत्राला असे दार ठेवणे इष्ट नव्हे. मतदान यंत्रातील चिपमध्ये आज्ञावली एकदाच लिहिता येते, असे निवडणूक आयोग सांगतो. तेथे सोयीपेक्षा खात्री मोठी.

पाठगत प्रश्न
1. अर्धवट भरलेल्या फर्मवेअरमुळे उनो बोर्ड कायमचा निकामी का होत नाही?
2. घरातील वीजमापकाचे फर्मवेअर ग्राहकाला बदलता यावे काय? आपले मत कारणांसह लिहा.