लाल गांडूळ व घरचा केरकचरा

गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे, हें आपण शाळेपासून ऐकत आलों आहों. परंतु कोणतें गांडूळ, हें फारसें कोणी विचारीत नाहीं, व त्यामुळें पुष्कळांचा पैसा व्यर्थ जातो. एखादा बांधव किलोभर लाल गांडुळें विकत आणून नांगरलेल्या शेतांत सोडितो, आणि पंधरा दिवसांनीं उकरून पाहतो तों एकही दिसत नाहीं. मग हें सारें थोतांड आहे असें म्हणून तो पुनः उधारीच्या खताकडे वळतो.

चार्लस डार्विन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८८१ सालीं गांडुळांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडांत पुष्कळ ठिकाणीं दर एकरीं दर वर्षीं १० टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटांतून वर येते, असा हिशेब त्यानें मांडिला. परंतु तीं मातींत बिळें करून राहणारीं गांडुळें होत. लाल गांडूळ, ज्यास शास्त्रांत आयसेनिया फेटिडा म्हणतात, तें निराळ्या वळणाचें आहे. तें कुजत्या शेणांत व पालापाचोळ्यांत राहतें. नुसत्या मातीवर त्याचें पोट भरत नाहीं, व उघड्या रानांतील ऊन त्यास सोसत नाहीं. म्हणून त्यास शेळीकोंबडीप्रमाणें पाळीव समजावें. सावली, पाणी व खाणें आपण द्यावयाचें. शेतांत देशी गांडुळें हवीं असल्यास धसकटें व पाचट जाळूं नये. ओलावा व पालापाचोळा असेल तेथें तीं आपण होऊन वाढतात.

वाफा गोठ्याच्या आडोशास, छपराखालीं करावा. तीन फूट रुंदी, सहा फूट लांबी व दीड-दोन फूट उंची पुरे. तळाशीं पाणी निघून जाण्यास वाट ठेवावी, व मुंग्यांसाठीं भोंवतीं पाण्याची लहान चर काढावी. खालीं वीतभर पाचट किंवा कडब्याचे तुकडे भिजवून अंथरावे, त्यावर शेण घालावें. येथेंच बहुतेकांचें काम बिघडतें. ताजें शेण ढिगांत तापतें व त्या उष्णतेनें गांडुळें मरतात. शेण दहा-पंधरा दिवस पाणी शिंपडून निवूं द्यावें. ढिगांत हात घालून पहावा; ऊब लागली तर आणखी थांबावें. मग गांडुळें सोडून वर ओलें गोणपाट झांकावें.

गांडुळें रोज आपल्या वजनाच्या सुमारें निम्में खातात. म्हणजे एक किलो केरास दोन किलो गांडुळें लागतात. तितकीं विकत घेण्याचें मात्र कारण नाहीं. अर्धा किलो आणून धीर धरावा. गव्हाच्या दाण्याहून लहान अशा एकेका कोशांतून दोन-चार पिलें निघतात, व दीड-दोन महिन्यांत तीं स्वतः कोश घालूं लागतात. तोंवर केर थोडाच द्यावा.

भाजीचे देंठ, फळांचीं सालें, चहाचा चोथा, कुटलेलीं अंड्याचीं टरफलें हीं चालतात. खारट-तिखट खरकटें, तेल व पुष्कळशीं लिंबाचीं सालें नकोत. मासळीच्या कांट्यांनीं उंदीर-घुशी येतात. चुलीपाशीं केर निवडणारी घरधनीणच ह्या वाफ्याची खरी मालकीण आहे; तेव्हां हा पाठ तिला अगोदर वाचून दाखवावा. केर पातळ थरानें शेणाखालीं पुरावा. मूठभर घेऊन दाबिलें असतां एखाददुसरा थेंब निघावा, इतकीच ओल असावी. धार लागली किंवा आंबूस वास आला तर पाणी थांबवून सुकें पाचट मिसळावें. वैशाखांत गोणपाट दिवसांतून दोनदां भिजवावें, कारण ३५ अंशांपुढें वाफा तापला कीं गांडुळें टिकत नाहींत.

सुमारें अडीच-तीन महिन्यांत वरचा थर चहाच्या भुकटीसारखा काळा होतो. तीन-चार दिवस पाणी बंद करून उजेडांत त्याचे लहान ढीग करावे. गांडुळें खालीं जातात व वरचें खत हातानें काढितां येतें. तें उन्हांत वाळवूं नये, सावलींत ओलसर ठेवावें.

एका घराच्या केरानें एकरभर ज्वारीचें खत भागेल असें कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवूं नये. गांडूळ नवें कांहीं उत्पन्न करीत नाहीं. घरांतून व गोठ्यांतून जें गेलें तेंच पिकास घेतां येईल असें करून परत देतें. म्हणून हें खत परसांतील वांगीं-मिरचीस दर रोपास एक-दोन मुठी द्यावें, व रोपें तयार करावयाच्या गादीवाफ्यांत मिसळावें. शेतासाठीं उकिरड्याचें कुजलेलें खत चालूं ठेवावें.