प्रतिज्ञा पाठ आहे, बंधुतेचे काय?



पेण असो वा रोहे, सकाळी शाळेत तुमची मुले रांगेत उभी राहून राष्ट्रगीत व प्रतिज्ञा म्हणतात. २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रातील शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचनही सक्तीचे झाले. मुलांना हे सारे तोंडपाठ असते. पण तोंडपाठ होणे वेगळे आणि अंगी बाणणे वेगळे.

थायलंड हा बौद्धांचा देश. तेथील ध्वजाचा तांबडा रंग राष्ट्राचा, पांढरा धर्माचा आणि निळा राजाचा, असे मुलांना शिकवितात. २०१४ साली तेथे लष्कराने सत्ता घेतली आणि बारा मूल्यांची यादी शाळाशाळांतून म्हणवून घेतली. पुढे काय झाले? ऑगस्ट २०२० मध्ये अनेक शाळांतील मुलांनी राष्ट्रगीत चालू असतानाच तीन बोटे उंचावून निषेध केला. हुकुमाने शिकविलेले देशप्रेम बौद्ध देशातही रुजत नाही. केवळ परंपरा आहे किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या, हाच उपदेश तथागतांनी कालामांना केला होता.

मग राष्ट्र कशाने घडते? उत्तर आपल्याच जिल्ह्यात, महाडला आहे. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब व त्यांचे अनुयायी तेथील पाणी प्याले, तेव्हा सत्याग्रहींना मारहाण झाली. देश एक, पण पाणी एक नव्हते! म्हणूनच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले की, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र होऊ शकत नाहीत. जाती राष्ट्रविरोधी आहेत. बंधुतेवाचून स्वातंत्र्य व समता वरवरच्या रंगासारख्या ठरतील.

आता हा पाठ घरी कसा घ्यावा? दर रविवारी मुलांना जवळ बसवून उद्देशिकेतील एकच शब्द घ्या. अर्थ त्यांनाच सांगू द्या. ‘बंधुता’ आली की विचारा: वर्गातल्या कातकरी मुलाशेजारी कोण बसते? त्याच्या डब्यातला घास तू खाल्लास का? त्याला आपल्या घरी कधी आणलेस?

आणि हाच प्रश्न आपण मोठ्यांनी स्वतःलाही विचारावा. ज्यांना काल पाणी नाकारले गेले, त्यांच्याच ओटीवर वाडीवरचे मूल आज बिचकत उभे राहिले, तर आपण जात सोडली असे कोण म्हणेल? मुले प्रतिज्ञा शाळेत ऐकतात; बंधुता मात्र ती आपल्या उंबरठ्यावर पाहून शिकतात.

जय भीम!