जनित्राची खोली : बांधण्यापूर्वी करावयाचा विचार

सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा किंवा मेळघाटातील धारणी व चिखलदरा यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत वीजवाहिनी उभारणे आणि ती भर पावसाळ्यात चालू ठेवणे हे कष्टाचे काम आहे. अशा ठिकाणच्या आश्रमशाळा, आरोग्य उपकेंद्रे व पंचायत कार्यालये यांना डिझेल जनित्राचा आधार घ्यावा लागतो. जनित्र खरेदी करताना किमतीची चौकशी कसोशीने होते. ते ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न मात्र शेवटी उरतो. मग चोरी होऊ नये आणि पाऊस लागू नये म्हणून वसतिगृहालगतची एखादी रिकामी खोली निवडली जाते. ही निवड जिवावर बेतू शकते. म्हणून या विषयाची मूलतत्त्वे समजून घेणे अगत्याचे आहे.

न दिसणारा धोका

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. श्वासावाटे तो रक्तात गेला की प्राणवायूच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट ओढीने हिमोग्लोबिनला चिकटतो व शरीराची प्राणवायूवाचून उपासमार होते. डोके दुखणे, भोवळ, मळमळ व गुंगी ही त्याची लक्षणे. झोपलेल्या माणसास तर ही लक्षणेही जाणवत नाहीत. अमेरिकेत २००५ साली कत्रिना चक्रीवादळानंतर वीज गेली, तेव्हा घरात किंवा घराला लागून चालविलेल्या लहान जनित्रांच्या धुराने माणसे दगावली होती. डिझेल इंजिनात हा वायू पेट्रोल इंजिनापेक्षा कमी निघतो, तरी बंद जागेत तोही घातकच होय.

यावरून पहिला नियम ठरतो : पेट्रोलवर चालणारे हलते जनित्र कोणत्याही खोलीत वा पडवीत चालवू नये, मग खिडक्या उघड्या असल्या तरीही. दुसरा नियम असा की, डिझेल जनित्राची खोली स्वतंत्र असावी. झोपण्याच्या किंवा वर्गाच्या खोलीशी तिची भिंत सामाईक नसावी.

क्षमता किती असावी?

उदाहरणादाखल एक निवासी शाळा घेऊ. १० वॅटचे ४० दिवे म्हणजे ४०० वॅट. ७५ वॅटचे २० पंखे म्हणजे १,५०० वॅट. चार संगणक सुमारे ६०० वॅट. आणि दोन अश्वशक्तीचा पंप सुमारे २,००० वॅट. एकूण भार ४.५ किलोवॅट झाला. शक्तिगुणक ०.८ धरल्यास ही मागणी सुमारे ५.६ केव्हीए भरते. परंतु पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सातपट प्रवाह ओढतो. तेव्हा १० केव्हीएचा संच घ्यावा आणि पंप आधी सुरू करून इतर भार मागाहून जोडावा.

याहून मोठा संच घेण्यात मात्र शहाणपण नाही. डिझेल इंजिन दीर्घकाळ अत्यल्प भारावर चालले की इंधन नीट जळत नाही व काजळी साचते. रात्रीचे थोडे दिवे सौर संच व बॅटरी यांवर ठेवावेत. पंपासारख्या जड कामांसाठी ठराविक तास जनित्र चालवावे. यात डिझेलचीही बचत आहे.

हवा हेच शीतक

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. लहान जनित्रातून त्यातील सुमारे ३ युनिटच वीज म्हणून हाती येतात. बाकीची उष्णता होते. काही धुरावाटे बाहेर जाते, उरलेली खोलीत पसरते. १० केव्हीएचा, म्हणजे ८ किलोवॅटचा संच पूर्ण भारावर चालला, तर खोलीत अंदाजे १० किलोवॅट उष्णता सुटते. एक किलोवॅटच्या दहा शेगड्या एकाच खोलीत पेटत ठेवल्यासारखे हे आहे.

खोलीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा १० अंशांहून अधिक तापू द्यावयाची नसेल, तर दर मिनिटास सुमारे ५० घनमीटर हवा खेळली पाहिजे. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा मावते. अर्थात दर मिनिटास खोलीतील सारी हवा एकाहून अधिक वेळा बदलली पाहिजे! हवेचा वेग सेकंदास एक मीटर धरला, तर प्रवेशाच्या झरोक्यास ०.८ चौरस मीटर मोकळी जागा लागते. जाळी व पट्ट्या बरीच जागा अडवितात, म्हणून झरोका त्याच्या दुप्पट ठेवावा. थंड हवा एका भिंतीतून खालच्या अंगाने यावी आणि रेडिएटरसमोरच्या भिंतीतून गरम हवा बाहेर जावी. दोन्ही झरोके एकाच भिंतीत ठेवल्यास तीच गरम हवा पुन्हा आत ओढली जाते.

धुराची नळी

इंजिन व नळी यांमध्ये लवचीक जोड असावा, म्हणजे कंपनाने नळीस तडा जाणार नाही. खोलीतील नळीवर उष्णतारोधक वेष्टन असावे. लाकडी वासे वा गवती छप्पर यांस तिचा स्पर्श होता कामा नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रानुसार नळीची उंची इमारतीच्या उंचीपेक्षा केव्हीएच्या वर्गमुळाच्या ०.२ पट मीटर अधिक असावी. १० केव्हीएसाठी ही वाढ सुमारे ०.६३ मीटर येते. तोंड खिडक्यांकडे नसावे.

अर्थिंग आणि चेंजओव्हर स्विच

जनित्राच्या सांगाड्यास जमिनीशी दोन स्वतंत्र अर्थिंग जोडण्या द्याव्यात. आज गावात वाहिनी नसली तरी उद्या येईल, हे गृहीत धरून चेंजओव्हर स्विच आरंभीच बसवावा. त्याविना जनित्राची वीज वाहिनीत शिरली, तर रोहित्रातून उलट जाऊन ती ११,००० व्होल्टपर्यंत चढते. वीज बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेला वायरमन तिला बळी पडतो. त्याच्या प्राणांचे रक्षण या एका स्विचवर अवलंबून आहे. जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे व विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाकडे आगाऊ विचारणा करावी.

दैनंदिन दक्षता

डिझेलचा साठा जनित्राच्या खोलीत ठेवू नये. इंजिन बंद करून, थंड झाल्यावरच टाकी भरावी. दाराशी वाळूच्या बादल्या असाव्यात. पेटत्या डिझेलवर पाणी ओतू नये. चालविल्याचे तास, तेल व दुरुस्ती यांची नोंदवही ठेवावी. खोलीत कोणी झोपणार नाही, हे शिपायास व विद्यार्थ्यांस निक्षून सांगावे. कोणास भोवळ आल्यास त्यास तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, जनित्र बंद करावे व दवाखान्यात न्यावे.

पंचायतीच्या सभेत जनित्राचे दरपत्रक मंजुरीस येईल, तेव्हा सदस्यांनी किमतीबरोबर आणखी चार प्रश्न विचारावेत : हवा कोठून येणार? धूर कोठे जाणार? अर्थिंग कोण तपासणार? आणि या भिंतीपलीकडे रात्री कोण झोपते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘मुले’ असे आले, तर जागा बदलावी.