वेबसाइटची थीम: पैसे कुठे घालावेत, कुठे राखावेत

वेबसाइटच्या डिझाइनला किती लागतात, असं इंदुरात चार जणांना विचारा. शून्यापासून चाळीस हजारांपर्यंत चार उत्तरं मिळतील आणि त्यातलं एकही खोटं नसेल. लालबागपासून लोकमान्यनगरपर्यंतच्या मराठी घरांत हल्ली ‘आपली एक साइट असावी’ अशी हौस पुष्कळांना आहे. कुणाला होळकरकालीन इंदूरवर लिहायचंय, कुणाला आजीच्या हातचे पदार्थ नोंदवून ठेवायचेत, कुणी निवृत्तीनंतर बागेवर लिहितंय. एकेका विषयाच्या या साइटी लहान असतात, कमाई असलीच तर नाममात्र असते. त्यामुळे खर्च खिशातून होणार, हे धरूनच निवड करायला हवी.

थीम म्हणजे साइटचा पोशाख: मथळा केवढा, मजकुराची रुंदी किती, फोटो कुठे, मोबाइलवर पान कसं दुमडायचं हे सगळं ठरवणाऱ्या फाइलींचा संच. साइट चालवण्याचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर २००३ साली आलं आणि थीमची सोय त्यात २००५ च्या १.५ या आवृत्तीपासून आहे. मजकूर एकीकडे, रूप दुसरीकडे, अशी ती रचना असल्यामुळे थीम बदलली तरी लेख जागच्या जागी राहतात. म्हणून पहिली थीम जन्माची गाठ समजून कपाळाला आठ्या घालायचं कारण नाही. एक अपवाद मात्र महागात पडतो. काही विकतच्या थीमा पानं स्वतःच्या ‘पेज बिल्डर’मध्ये बांधायला लावतात. पुढे ती थीम काढली की लेखाच्या जागी चौकटी कंसांतल्या सांकेतिक खुणांचा ढीग उरतो. विकत घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच: तुमची थीम उद्या काढून टाकली तर माझा मजकूर वाचता येईल का?

डिझाइनची दोन टोकं बघायला आपल्याला लांब जावं लागत नाही. खान नदीकाठचा लालबाग राजवाडा १८८६ पासून १९२१ पर्यंत टप्प्याटप्प्यानं होत गेला. संगमरवरी खांब, रंगवलेली छतं, झुंबरं आणि बाहेर बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवरची फाटकं. त्याच भागात माणिकबाग राजवाडा आहे. यशवंतराव होळकर दुसरे यांनी तो १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून करवून घेतला. तिथे सरळ रेषा, साध्या भिंती आणि वापरायच्या सोयीचा विचार दिसतो. आज तिथे केंद्रीय कर खात्याचं कार्यालय भरतं आणि इमारतीला ते सोसतंही. फिरायला मी लालबागेत जाईन, थीम मात्र माणिकबागेची घेईन. पहिल्या पानावर आपोआप सरकणारे पाच मोठे फोटो, उडत येणारे मथळे, पार्श्वभूमीला व्हिडिओ ही सगळी झुंबरंच. वाचणारा बसमध्ये मोबाइल घेऊन उभा असतो, आणि ती उतरेपर्यंत त्याचा थांबा येतो.

वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात हजारो थीमा फुकट आहेत. ॲस्ट्रा, जनरेटप्रेस, केडन्स या नावाजलेल्या हलक्या थीमांच्या फुकट आवृत्त्या लहान साइटीला वर्षानुवर्षं पुरतात. ‘ट्वेंटी’ या शब्दानं नाव सुरू होणाऱ्या वर्डप्रेसच्या स्वतःच्या थीमाही चांगल्या आहेत, फक्त थोड्या सपक. संग्रहात प्रत्येक थीमच्या पानावर शेवटची सुधारणा कधी झाली आणि किती साइटींवर ती चालू आहे, हे लिहिलेलं असतं. वर्ष-दीड वर्षात हात न लागलेली थीम कितीही देखणी असो, सोडून द्या. ज्यांना होस्टिंगच्याच, म्हणजे साइटसाठी भाड्याची जागा घेण्याच्या भानगडीत पडायचं नाही त्यांच्यासाठी गूगलचं ब्लॉगर आहे. तिथे जागा फुकट, थीमही फुकट, खर्च काय तो स्वतःच्या नावाच्या डोमेनचा. रूपावर हात फिरवायला वाव कमी, पण नुसतं लिहायचंय त्याला तेवढं बास.

‘फूड ब्लॉग थीम’, ‘ट्रॅव्हल थीम’ अशा पाट्यांना भुलू नका. बहुतेक वेळा ती साधीच थीम असते, नमुन्यात फोटो तेवढे परदेशी नाश्त्याचे लावलेले असतात. फोटो काढून घेतले की पोह्यांची साइट आणि प्लंबिंगची साइट सारखीच दिसते. पाककृतीसाठी साहित्य-कृतीची चौकट हवी असते, ती थीमऐवजी प्लगइनमधून, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्राममधून येते आणि त्याचीही फुकट आवृत्ती मिळते.

खरी परीक्षा मराठी मजकुराची असते. नमुन्याच्या पानावर सगळं इंग्रजी असल्यामुळे ती घ्यायची राहूनच जाते. ओळखीच्या एका काकूंना गराडूपासून श्रीखंडवडीपर्यंतचे पदार्थ लिहायचे होते. त्यांच्याबरोबर थीमा बघायला बसलो. पहिली थीम त्यांना एकदम पसंत पडली: फिकट गुलाबी रंग, मोठाले मथळे. त्यात त्यांचा स्वतःचा मथळा टाकला तर ‘श्रीखंडवडी’ची शिरोरेघ प्रत्येक अक्षरापाशी तुटली, सुटे दात दिसावेत तशी.

“अरे, हे असं काय वाचायचं?”

“काकू, यांनी अक्षरांमध्ये जागा सोडलीय. इंग्रजीत शोभतं ते.”

“मग आपल्याला नको ते. पुढची दाखव.”

अक्षरांतलं अंतर वाढवणं ही रोमन मथळ्यांची फॅशन आहे. देवनागरीत रेघ जोडलेली असते, ती फाटते. दोष एका ओळीच्या सीएसएसनं (पानाचं रूप सांगणाऱ्या कोडनं) जातो, म्हणजे अंतर शून्य केलं की झालं. पण ते कुणाला करता येत नसेल तर दुसरी थीम बघणं स्वस्त. अशीच गत लेखाच्या पहिल्या मोठ्या अक्षराची. लेख जोडाक्षरानं सुरू झाला की काही ठिकाणी त्याचा अर्धाच भाग मोठा होतो आणि उरलेला शेजारी बारीक होऊन लटकतो. तिरपी अक्षरंही टाळा. देवनागरी फाँटांत तिरपं वळण सहसा काढलेलंच नसतं, ब्राउझर सरळ अक्षर ओढून वाकवतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीला दीडपट पुरतं, आपल्या वेलांट्या-उकारांना पावणेदोनपट तरी हवं. नाहीतर वरच्या ओळीचा ‘ू’ खालच्या ओळीच्या ‘ै’त अडकतो.

इंदुरात याकडे जरा जास्तच लक्ष द्यावं लागतं. इथला डिझायनर थीम तपासतो ती हिंदी मजकुरावर. हिंदीत ‘ऱ्य’ लागत नाही, ‘ळ’ क्वचित, ‘ॲ’ जवळपास नाहीच. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्यामुळे जुन्या फाँटांत तिथे नुसती चौकट दिसते. तेव्हा कुठलीही थीम पसंत करण्याआधी हे वाक्य तिच्यात चिकटवून मोबाइलवर बघा: ‘सुट्टीत दुसऱ्या दिवशी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात वऱ्हाडी मंडळींसाठी केलेली श्रीखंडवडी ब्राह्ममुहूर्तापर्यंत टिकली नाही.’ रेघ कुठे तुटली, ‘ऱ्य’ सुटा पडला का, ‘ह्म’ नीट जुळला का, ते एका नजरेत कळतं. शिवाय वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी ठेवा. ‘ल’ आणि ‘श’ची मराठी आणि हिंदी वळणं वेगळी आहेत. ज्या फाँटांत दोन्ही भरलेली असतात ते भाषा बघून वळण निवडतात.

फाँटवर एक पैसाही घालू नका. मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’, इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद, गूगलचा नोटो, आणि खास मराठी वळणाचा टिरो देवनागरी मराठी हे सगळे खुल्या परवान्याखाली फुकट आहेत. माझी पसंती मजकुराला मुक्त, मथळ्याला टिरो. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाइल जड असते, म्हणून साधा आणि ठळक एवढे दोनच प्रकार घ्यावेत. थीम आठ वजनं देऊ करते म्हणून आठही चढवू नयेत. जुना मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फाँटांत असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागेल. रूपांतर फुकट होतं, मुद्रितशोधनाला मात्र माणूस लागतो. शंभर जुने लेख असतील तर थीमपेक्षा तो खर्च मोठा ठरेल.

आता विकतच्या थीमा. नावाजलेल्या हलक्या थीमांच्या सशुल्क आवृत्त्या साधारण वर्षाला पन्नास ते सत्तर डॉलरच्या घरात असतात, म्हणजे पाच हजारांच्या आसपास. हा आकडा दरवर्षीचा आहे, हे जाहिरातीत बारीक अक्षरांत असतं. नूतनीकरण केलं नाही तरी थीम चालू राहते, पण सुधारणा आणि मदत थांबते. थीमफॉरेस्टसारख्या बाजारातल्या थीमा एकदाच पैसे देऊन मिळतात. सुधारणा येत राहतात, मदत मात्र मूळ किमतीत सहा महिन्यांची, आणि परवाना एका साइटीपुरता. डॉलरच्या किमतीवर बँक परकीय चलनाचा आकार लावते, तो बऱ्याच कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के असतो. विक्रेता भारतात जीएसटी भरत असेल तर अठरा टक्के वेगळे. म्हणजे पाच हजारांची थीम सहा हजारांवर जाते. पैसे परत करण्याची मुदत बहुतेक जण चौदा ते तीस दिवस देतात, तेव्हा घेतल्या दिवशीच वरचं वाक्य चिकटवून बघा.

पैसे कधी द्यावेत? जाहिराती किंवा विक्री सुरू झाली, लेख शे-दीडशेच्या वर गेले, फुकट आवृत्तीत एखादी नेमकी सोय अडू लागली, तेव्हा. ‘पुढे लागेल’ म्हणून आज घेतलेली थीम ही न वापरलेल्या जिमच्या वर्गणीच्या जातीची.

‘प्रीमियम थीम दोनशे रुपयांत’ असंही कुणी सांगेल. ही ‘नल्ड’, म्हणजे परवान्याची तपासणी काढून टाकलेली प्रत. वर्डप्रेसचा परवाना खुला असल्यानं नक्कल वाटणं दर वेळी बेकायदा नसतं, म्हणून विकणारा छातीठोकपणे सांगतो, “भिया, सब चलता है.” पण त्या फाइलींत आणखी काय घुसवलंय ते कळत नाही, सुधारणा येत नाहीत, आणि एक दिवस तुमच्या पाककृतींच्या पानावरून वाचक सट्ट्याच्या साइटीवर जाऊन पडतो. साफसफाईचं बिल मूळ थीमच्या कितीतरी पट होतं.

स्थानिक डिझायनरकडून करून घ्यायचं असेल तर पाच-सात हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंतचे आकडे ऐकू येतील. तो बहुतेक वेळा तयार थीमच बसवून देणार असतो. त्यात वावगं काही नाही, मांडणीचीही मजुरी असते. पण ती तयार थीम आहे हे त्यानं सांगावं, नाव सांगावं, परवाना तुमच्या ईमेलवर घ्यावा. डोमेन कुणाच्या नावावर आहे, हा तर थीमपेक्षाही मोठा प्रश्न. ते तुमच्याच नावावर, तुमच्याच मोबाइल क्रमांकावर हवं. डिझायनरच्या खात्यात डोमेन ठेवून नंतर त्याच्या दारात खेटे घालणारी मंडळी आपल्या ओळखीत निघतील. बदल थेट मूळ थीमच्या फाइलींत केले तर पुढच्या सुधारणेला ते पुसले जातात. ‘चाइल्ड थीम’ किंवा वेगळ्या सीएसएसमध्ये करून मागा आणि तसं बिलावर लिहून घ्या.

एकूण हिशोब साधा आहे. .इन डोमेन वर्षाला सहाशे ते हजार, साधं होस्टिंग पहिल्या वर्षी दोन-तीन हजार, थीम आणि फाँट शून्य. तीन-चार हजारांत साइट उभी राहते. दुसऱ्या वर्षी होस्टिंगचा सवलतीचा दर संपतो आणि तीच जागा दुप्पट-तिपटीला पडते, म्हणून घेताना नूतनीकरणाचा दरच वाचावा. पहिल्या वर्षाचा दर मोठ्या अक्षरांत असतो, तो आपसूक दिसतो. उरलेले पैसे फोटोंवर घाला. ताटाचे, बागेचे, वाड्यांचे स्वतः काढलेले चांगले फोटो साध्या थीमला जेवढं रूप देतात तेवढं कुठलीही विकतची थीम देत नाही. फक्त चढवण्याआधी ते हलके करा.

वेग बघायला गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे. थीमच्या नमुना-पानाचा पत्ता त्यात टाकून मोबाइलचा निकाल बघा. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा असते. नमुन्यालाच चार सेकंद लागत असतील तर तुमचे फोटो चढल्यावर काय होईल, ते सांगायला नको.

पैसे भरायच्या पानावर मात्र सावकाश. आधीच टिक केलेल्या चौकटी, ईमेल-सुरक्षा-बॅकअपची न मागितलेली जोडणी आणि आपोआप नूतनीकरण, तिन्ही तपासा. न सांगता टोपलीत वस्तू घालणं आणि वर्गणीत अडकवून ठेवणं या दोन्ही गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या रचनांमध्ये मोडल्या आहेत. विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रारीला बिल, किमतीच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि पैसे कापल्याचा संदेश लागतो, तेव्हा स्क्रीनशॉट पैसे भरण्याच्या आधीच काढून ठेवावा.